मुठीतला फोन, टॉवरची मर्जी

६ जून २००९ रोजी अमेरिकेत पाम कंपनीचा ‘प्री’ हा फोन विकायला आला. स्क्रीन ३.१ इंची, खालून सरकून बाहेर येणारा बटणांचा कीबोर्ड, आणि एकाच वेळी उघडी असलेली ॲप्स पत्त्यांच्या पानांसारखी शेजारी शेजारी मांडून दाखवणारी पद्धत. नको असलेलं पान अंगठ्यानं वर भिरकावलं की ते ॲप बंद. आज आयफोन असो वा अँड्रॉइड, येता-जाता आपण सगळे हेच करतो. ज्यांनी प्री हाताळला त्यांना तो आवडला. फक्त एक अट होती: कनेक्शन स्प्रिंटचं हवं. स्प्रिंट ही तेव्हाची तिसऱ्या क्रमांकाची मोबाइल कंपनी, आणि तिला गळती लागलेली. व्हेरायझन किंवा एटी अँड टी वापरणाऱ्या माणसाला प्री घ्यायचा तर चालू करार मोडा, त्याचा दंड भरा, घरातल्या सगळ्यांचा मिळून असलेला प्लॅन सोडा, आणि आपल्या गावात स्प्रिंटची रेंज येते का ते आधी शेजाऱ्याला विचारा. एवढे सोपस्कार करून फोन घेणारे किती असणार?

लहान फोन बाजारातून का गेले यावर गेली दहा-पंधरा वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, लोकांनाच मोठी स्क्रीन हवी होती, विषय संपला. दुसरी बाजू म्हणते, कंपन्यांनी मोठे फोन आपल्या गळ्यात मारले. दोन्ही बाजू हाताच्या पंजाबद्दल, खिशाबद्दल, डोळ्यांबद्दल बोलतात. टॉवरबद्दल सहसा कुणी बोलत नाही. ‘फोन लहान करा’ आणि ‘तो सगळ्या नेटवर्कवर चालू द्या’ या मागण्या वेगवेगळ्या मानल्या जातात. माझ्या मते दुसरी पुरी झाल्याशिवाय पहिलीला अर्थच नाही. दहा-वीस जणांत एखाद्यालाच आवडणारी वस्तू विकायची तर ती प्रत्येक दुकानात ठेवावी लागते. लहान फोनाच्या नशिबी नेमकं उलटं आलं.

सिम देणारी ती मोबाइल कंपनी आणि हँडसेट बनवणारी ती फोन कंपनी, एवढा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवला की पुरे. भारतात या दोघींचा संसार पहिल्यापासून बव्हंशी वेगळा. हँडसेट एका दुकानातून रोख पैसे मोजून घ्यायचा, सिम दुसरीकडून, आणि पटलं नाही तर सिम बदलायचं. अमेरिकेत तसं नव्हतं. तिथे फोन मोबाइल कंपनीच विकायची. सहाशे डॉलरचा हँडसेट दोनशेला हातात मिळायचा, कारण उरलेले पैसे दोन वर्षांच्या करारातून दरमहा वसूल होत. त्यामुळे कोणता फोन दुकानाच्या दर्शनी भागात मांडायचा, कोणाची जाहिरात टीव्हीवर करायची आणि कोणाला दारातही उभं करायचं नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे होता. आयफोनसुद्धा याला अपवाद नव्हता. व्हेरायझननं ॲपलच्या अटी नाकारल्या आणि २९ जून २००७ ला आलेला पहिला आयफोन एटी अँड टीकडे गेला. व्हेरायझनच्या ग्राहकाला तो मिळायला १० फेब्रुवारी २०११ उजाडला. स्प्रिंटला तो त्याच वर्षी ऑक्टोबरात मिळाला, टी-मोबाइलला थेट एप्रिल २०१३ मध्ये.

त्यात तंत्रज्ञानाचा अडसर होताच. व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमए पद्धतीचं नेटवर्क चालवायच्या, एटी अँड टी आणि टी-मोबाइल जीएसएमचं. एकीचा फोन दुसरीकडे ठोकळा. महाराष्ट्रात ज्यांनी ‘रिलायन्सचा फोन’ वापरला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमनं ५०१ रुपयांत हँडसेट हातात ठेवला आणि नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या मुख्यालयातून चाललेल्या त्या कारभारानं मोबाइल हा चैनीचा विषय राहू दिला नाही. पण तोही सीडीएमएच. नंबर फोनाच्या पोटात भरलेला, काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घालायला सिमच नाही. कंपनी सोडली की फोनही गेला. आपल्याकडे ती एक शाखा होती आणि पुढे ती वाळूनही गेली. अमेरिकेत निम्मा देश तसा चालत होता.

तर पाम. अमेरिकेत फोन चालायचा तर व्हेरायझनच्या दुकानात पोहोचणं भाग होतं. प्री तिथे पोहोचला जानेवारी २०१० मध्ये. तोवर नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझननं मोटोरोलाचा ३.७ इंची ‘ड्रॉइड’ आणून त्याच्या जाहिरातींवर अफाट पैसा ओतला होता, आणि दुकानातले विक्रेतेही तोच पुढे करत होते. पामचे प्रमुख जॉन रुबिनस्टाइन यांनी पुढे बोलून दाखवलं की ड्रॉइडच्या आधी व्हेरायझनकडे जाता आलं असतं तर ते कौतुक आमच्या वाट्याला आलं असतं. हरलेल्या माणसाचं बोलणं म्हणून ते सोडून देता येईल. मला मात्र त्यात बरंच तथ्य दिसतं. (पामचा अतिआत्मविश्वासही काही कमी नव्हता. कंपनीतले मोठे गुंतवणूकदार रॉजर मॅकनामी यांनी मार्च २००९ मध्ये असं सांगून टाकलं की पहिल्या दिवशी आयफोन घेतलेले लोक करार संपला की महिन्याभरात तो टाकून देतील. कंपनीला सरकारदरबारी पत्र देऊन ते विधान मागे घ्यावं लागलं.) एप्रिल २०१० मध्ये एचपीनं १२० कोटी डॉलरला पाम विकत घेतली. मे २०११ मध्ये आला ‘व्हीर’. स्क्रीन फक्त २.६ इंच, पत्त्यांच्या कॅटएवढा फोन, आणि पुन्हा एकाच कंपनीकडे, या वेळी एटी अँड टी. तीन महिन्यांनी, १८ ऑगस्टला, एचपीनं फोनांचा धंदाच गुंडाळला. व्हीरला हवा असलेला माणूस भेटायला सवडच मिळाली नाही.

त्याच सुमारास स्क्रीन फुगायला लागल्या होत्या. जुलै २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पत्रकारांसमोर मोठ्या फोनांची टर उडवली होती: हातात धरता येत नाहीत, कोण घेणार असले फोन! ऑक्टोबर २०११ मध्ये सॅमसंगनं ५.३ इंची ‘गॅलक्सी नोट’ काढला आणि लोकांनी तो कानाला लावलेल्या माणसाला हसून घेतलं. हसणारे पुढे गप्प झाले. नुसत्या इंचांत मोजलं तर आज नोट हा लहान फोनांत जमा होईल.

ग्राहकाची आवड बदलली हे खरं. पण त्या दोन वर्षांत हँडसेटच्या पोटात काय चाललं होतं तेही पाहायला हवं.

व्हेरायझननं डिसेंबर २०१० मध्ये ३८ शहरांत ४जी सुरू केलं. त्यावर चालणारा तिचा पहिला फोन मार्च २०११ मध्ये आला, एचटीसीचा ‘थंडरबोल्ट’. ४.३ इंची, जाडजूड, आणि चार्जिंगच्या बाबतीत कुप्रसिद्ध. सकाळी पूर्ण भरलेला फोन दुपारी मान टाकायचा. कारण असं की ४जीचा रेडिओ आणि आवाजासाठीचा जुना सीडीएमए रेडिओ या दोन वेगवेगळ्या चिपा होत्या आणि दोघी एकाच बॅटरीवर जेवत होत्या. ४जीच्या त्या पहिल्या चिपा आकारानं मोठ्या आणि विजेला हावरट. ॲपलच्या टिम कुक यांनी एप्रिल २०११ मध्ये गुंतवणूकदारांना स्पष्ट सांगितलं की या चिपांसाठी फोनाच्या रचनेत ज्या तडजोडी कराव्या लागतात त्यातल्या काही आम्ही करणार नाही. म्हणून त्या वर्षीच्या आयफोनात ४जी आलंच नाही. ज्यांना घाईनं ४जी द्यायचं होतं त्यांच्यापुढे एकच रस्ता होता: बॅटरी मोठी करा. बॅटरी मोठी केली की फोनाचं अंग वाढलं. अंग वाढलं की पुढची काच मोकळी कशाला सोडायची? तिथे स्क्रीन पसरली. आणि मोठ्या स्क्रीनवर लोक व्हिडिओ जास्त पाहतात, म्हणजे डेटा जास्त जळतो, म्हणजे मोबाइल कंपनीचा महागडा प्लॅन खपतो. आता सांगा, दुकानाच्या दर्शनी भागात ती कोणता फोन मांडेल?

यात कुणी कट केला असं मला म्हणायचं नाही. प्रत्येकानं आपापल्या सोयीचं केलं आणि सगळ्यांच्या सोयी एकाच दिशेला गेल्या.

ॲपलनं थांबून काय मिळवलं ते सप्टेंबर २०१२ मध्ये दिसलं. तोवर सगळे रेडिओ एकाच चिपेत बसू लागले होते. आयफोन ५ आला तो ४ इंची, ११२ ग्रॅमचा, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो अशी जाहिरात करत, आणि ४जीसकट. लहान फोनात ४जी मावतं हे सिद्ध झालं. पण कोणतं ४जी? इथे दुसरी मेख आहे, आणि तिचा अनुभव पुण्यानं घेतला आहे.

मोबाइलचे संदेश ज्या लहरींवरून जातात त्यांचे वेगवेगळे पट्टे असतात, त्यांना बँड म्हणतात. जुन्या जीएसएमच्या काळात जगभर मिळून चारच बँड सांभाळले की फोन बहुतेक सगळीकडे चालायचा. ४जी आलं आणि प्रत्येक देशानं, कधी कधी प्रत्येक कंपनीनं, हाताला लागेल तो पट्टा वापरायला घेतला. आयफोन ५ त्यामुळे एका ढाच्यात बनवता आला नाही. एका प्रकारात एटी अँड टीचे पट्टे, दुसऱ्यात व्हेरायझन, स्प्रिंट आणि परदेशांतले काही. भारतात एअरटेलनं ४जी सुरू केलं ते २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, म्हणजे बँड ४० वर: एप्रिल २०१२ मध्ये कोलकाता, मेमध्ये बंगळुरू, ऑक्टोबरात पुणे. पुण्यात ४जी लागलं आणि दोनच आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, आयफोन ५ भारतात विकायला आला, ४५,५०० रुपयांना. फोनात ४जी होतं, शहरात ४जी होतं, आणि दोघांची गाठ पडत नव्हती, कारण आयफोन ५ च्या कुठल्याच प्रकारात बँड ४० नव्हता. पुणेकराला तो फोन ३जीवर वापरावा लागला. बँड ४० असलेला आयफोन पुढच्या वर्षी आला.

आता प्रत्येक बँडसाठी फोनाच्या आत गाळण्या लागतात, लहर वाढवणारे भाग लागतात, अँटेना लागते. नवा बँड म्हणजे आत आणखी जागा. अँटेनाचं तर गणितच आहे. लहरींची लांबी काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर लांब. चांगली अँटेना साधारण लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी असावी लागते, म्हणजे पावणेअकरा सेंटीमीटर. २३०० मेगाहर्ट्झला सव्वातीन सेंटीमीटर पुरतात. पण भिंतीतून आत शिरणारी, खेड्यापाड्यांत दूरवर पोहोचणारी लहर ही खालच्या पट्ट्यांचीच असते. अभियंते अँटेना मुडपतात, फोनाच्या धातूच्या चौकटीलाच कामाला लावतात, नाना युक्त्या करतात. तरी अख्खा फोनच दहा सेंटीमीटरचा असेल तर ७०० च्या लहरीशी त्याचं जमवणं अवघड जातं. लहान फोनाची रेंज कमी येते अशी तक्रार लोक करतात ती सगळीच मनाचे खेळ नसते.

आणि हे बँडचं प्रकरण फक्त भौतिकशास्त्राचं नाही. अमेरिकेत ७०० च्या पट्ट्याचे २००८ मध्ये लिलाव झाले. एटी अँड टीनं आपल्या वाट्याच्या तुकड्यांसाठी बँड १७ अशी वेगळी व्याख्या वापरली. शेजारचाच थोडा अधिक तुकडा घेतलेल्या मिसिसिपीतल्या सी स्पायरसारख्या लहान कंपन्यांना लागायचा बँड १२. फोन कंपन्यांनी साहजिकच मोठ्या गिऱ्हाइकासाठी बँड १७ चे फोन बनवले. लहान कंपन्यांनी लिलावात पैसे ओतून लहरी घेतल्या, पण त्या लहरींवर चालणारे फोनच कुणी करेना. हे भांडण सप्टेंबर २०१३ मध्ये मिटलं, एटी अँड टीनं बँड १२ सांभाळायचं कबूल केल्यावर. जी गत लहान फोनाची तीच लहान मोबाइल कंपनीची. संख्येनं थोडे असणाऱ्यांसाठी वेगळी चिप कुणी ओतत नाही.

ग्राहकाचे हातही बांधलेले होते. जानेवारी २०१३ पासून अमेरिकेत नव्या फोनाला एकाच नेटवर्कशी बांधणारं कुलूप मोबाइल कंपनीच्या परवानगीशिवाय काढणं हा कायद्यानं गुन्हा ठरला. पैसे मोजून घेतलेला स्वतःचा फोन! एक लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये नवा कायदा करून ती बंदी उठवावी लागली. आपल्याकडे जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, आणि त्याच्या आधीपासूनच दोन सिमांचे फोन घरोघर होते. गावाकडे एकाची रेंज, शहरात दुसऱ्याचा स्वस्त प्लॅन, हा हिशेब करणाऱ्याला ‘माझ्या कंपनीवर हा फोन मिळेल का’ हा प्रश्न कधी पडलाच नाही. मग भारतात लहान फोन फुलायला हवे होते. तसं झालं नाही, आणि माझ्या मांडणीला सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो.

भारतीय ग्राहकानं मोठी स्क्रीन कुणाच्या दबावाखाली घेतली नाही. घरात संगणक नाही, टीव्हीचा रिमोट दुसऱ्याच्या हातात, तेव्हा सिनेमा, क्रिकेट, मुलांचा अभ्यास, बँक, सगळं या एका काचेवर. दहा हजारांत एकच वस्तू घ्यायची तर मोठी घ्यावी, हा साधा विचार आहे. चाळिशीनंतर अक्षरं मोठी करावी लागतात, हेही आहेच. त्यात आपली लिपी जागा खाते. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ज्या आकारात इंग्रजी सुखानं वाचता येतं त्या आकारात ‘कर्तृत्व’ किंवा ‘दृष्ट्या’ वाचताना डोळे बारीक करावे लागतात. ओळींत अंतरही जास्त ठेवावं लागतं. मराठी वाचणाऱ्याला थोडी मोठी काच हवी वाटली तर त्यात नवल नाही.

पण मोठी म्हणजे किती? इथे इंचांची थोडी फसवणूक आहे. स्क्रीनचा इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. जुन्या १६:९ प्रमाणातली ६ इंची स्क्रीन साधारण ५.२३ इंच उंच आणि २.९४ इंच रुंद. क्षेत्रफळ सव्वापंधरा चौरस इंचांहून किंचित जास्त. हल्लीच्या २०:९ प्रमाणातली ६ इंची ही ५.४७ उंच आणि २.४६ रुंद, क्षेत्रफळ साडेतेरा. खोक्यावर दोन्हीकडे ‘६ इंच’ आणि प्रत्यक्षात आठवा हिस्सा गायब. दुसरीकडे, काठ बारीक झाल्यामुळे त्याच अंगात जास्त स्क्रीन मावते. ५.४ इंची आयफोन १२ मिनी हा ४.७ इंची आयफोन ८ पेक्षा उंचीलाही कमी आणि रुंदीलाही. म्हणून लहान फोनावर भांडणाऱ्यांनी इंच सोडून मिलिमीटरात बोलावं, आणि तेही रुंदीच्या. फोन हातात बसतो की निसटतो हे रुंदी ठरवते. उंची ठरवते ती अंगठ्याची कसरत.

मोबाइल-डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी रस्त्यांत, स्टेशनांवर, कॅफेत लोक फोन कसा धरतात याच्या १,३३३ नोंदी २०१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. स्क्रीनला किंवा बटणांना हात लावणाऱ्यांतले ४९ टक्के लोक एका हातानं धरून त्याच हाताच्या अंगठ्यानं वापरत होते. म्हणजे ज्या वर्षी फोन झपाट्यानं वाढत होते त्या वर्षी निम्मी जनता एकहाती होती. दुसरा हात रिकामा नसतोच मुळी. लोकलच्या दांड्याला लटकलेल्या माणसाला हे सांगायला अभ्यास लागत नाही. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांनी इस्तंबूलच्या आंदोलनात फोटो काढतानाची आपली अडचण लिहिली: अश्रुधुरात एका हातानं फोन वापरायचा होता आणि तो त्यांच्या हाताला मोठा होता. पुरुषांना मात्र ते सहज जमत होतं. बायकांचा पंजा सरासरीनं लहान, आणि बायकांच्या कपड्यांना खिसे एक तर नसतात किंवा नावापुरते असतात. फोनाचं माप ठरवणाऱ्या बैठकीत हा मुद्दा कुणी काढला असेल का, याबद्दल मला दाट शंका आहे.

लहान फोन करून पाहणारेही होते. सोनीचा ‘झेड१ कॉम्पॅक्ट’ जानेवारी २०१४ मध्ये आला: ४.३ इंच, पण आतला प्रोसेसर आणि कॅमेरा मोठ्या फोनातलाच. बाकीचे ‘मिनी’ फोन म्हणजे मोठ्याचं नाव लावलेला दुय्यम माल असे, हा तसा नव्हता. गंमत म्हणजे त्याचा जन्म एका मोबाइल कंपनीकडे झाला. जपानच्या एनटीटी डोकोमोसाठी सोनीनं आधी ‘झेड१ एफ’ केला आणि तोच पुढे नाव बदलून जगाला दाखवला. जपानी ग्राहकाला गाडीत उभं राहून एका हातानं वापरायचा फोन हवा होता आणि डोकोमोला ते ठाऊक होतं. अमेरिकेतल्या बड्या मोबाइल कंपन्यांनी मात्र त्याला दुकानात जागा दिली नाही.

ॲपलनं मार्च २०१६ मध्ये ४ इंची ‘एसई’ काढला, आणि भारतात जुळणी झालेला पहिला आयफोनही हाच, २०१७ मध्ये बंगळुरूत. मग नोव्हेंबर २०२० मध्ये १२ मिनी. लहान फोनाच्या बाजूनं लढणाऱ्यांना हवं ते सगळं त्यात होतं: त्या वर्षीचाच प्रोसेसर, उत्तम कॅमेरा, ५जी, आणि सगळ्या मोबाइल कंपन्यांकडे उपलब्ध. तरीही टॉवरची सावली होतीच. ६९९ डॉलर ही जाहिरातीतली किंमत मोबाइल कंपनीशी जोडून घेणाऱ्यासाठी होती. कुणाशी न बांधलेला फोन हवा तर ७२९. स्वातंत्र्याचे ३० डॉलर वेगळे. काउंटरपॉइंट या संस्थेच्या मोजणीनुसार जानेवारी २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेत विकलेल्या नव्या आयफोनांत मिनीचा वाटा सुमारे ५ टक्के निघाला. त्याच वर्षी पुढे १३ मिनी आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तोही बंद झाला.

आता हा निकाल मान्य करायला हवा. मी तीन सबबी सांगू शकतो. मिनी आला तो महासाथीत, लोक घरी सोफ्यावर बसलेले असताना. खिसा आणि लोकल यांचा प्रश्नच नव्हता. शिवाय ज्यांना लहान आयफोन हवा होता त्यातल्या बऱ्याच जणांनी सात महिने आधी आलेला ३९९ डॉलरचा दुसरा एसई घेऊन टाकला होता. बॅटरीही मोठ्या भावापेक्षा कमी, ॲपलच्याच आकड्यांत १७ तासांच्या व्हिडिओऐवजी १५ तास. सबबी खऱ्या आहेत, तरी लहान फोन हवा म्हणणारे आणि तो विकत घेणारे यांच्या संख्येत अंतर आहे, हे त्यांनी झाकत नाही.

फक्त ५ टक्के म्हणजे शून्य नव्हे. ॲपलसारख्या कंपनीच्या ५ टक्क्यांवर दुसरी एखादी कंपनी सुखानं जगेल. प्रश्न असा की ती दुसरी कंपनी त्या लोकांपर्यंत पोहोचेल कशी? चिप बनवणाऱ्याकडून लहान खेपेला माल मिळत नाही, प्रत्येक मोबाइल कंपनी आपल्या प्रयोगशाळेत फोन तपासून घेतल्याशिवाय दारात घेत नाही, आणि हा खर्च फोन दहा हजार विका की एक कोटी, तेवढाच. मोठ्याला तो जाणवत नाही. लहानाला तो एकाच नेटवर्कच्या पदराखाली ढकलतो. समजा वीस जणांत एकाला लहान फोन हवा आहे आणि फोन मिळतो फक्त अशा कंपनीकडे जिचे ग्राहक तिघांत एक. मग साठांत एकच गिऱ्हाईक उरलं.

२०१८ मध्ये पाम हे नाव पुन्हा आलं ते या सापळ्यात पाय टाकतच. ३.३ इंच स्क्रीन, साडेबासष्ट ग्रॅम वजन, पावणेदहा सेंटीमीटरांहून थोडी कमी उंची. वर सांगितलेली ७०० ची पाव लहर त्याच्या आख्ख्या अंगाहून लांब भरते. बॅटरी ८०० एमएएच. किंमत ३५० डॉलर. विक्री फक्त व्हेरायझनकडे, आणि वर अट अशी की तुमच्याकडे व्हेरायझनवरचा मोठा फोन आधीच हवा. हा त्याच नंबरावर चालणारा जोडफोन. ज्याला मोठ्या फोनापासून सुटका हवी त्याला मोठा फोन घ्यायला लावणारा लहान फोन! सहा महिन्यांनी अट सैल झाली, नंतर न बांधलेला फोनही मिळू लागला, पण तोवर चर्चा थंडावली होती. जपानमध्ये राकुतेननं २०२० मध्ये स्वतःच्या नव्या नेटवर्कसाठी ३.६ इंची, ७९ ग्रॅमचा ‘मिनी’ काढला. त्याच्या तर पहिल्या खेपेतला एक महत्त्वाचा बँड पुढच्या खेपांतून ग्राहकांना न सांगता काढून टाकल्याचं उघडकीला आलं, आणि तो नेमका जपानमधल्या इतर कंपन्या वापरतात तो बँड. नाव तेच, खोकं तेच, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की रेंजची रड.

एकाच कंपनीशी बांधलेला लहान फोन जिंकला तो आपल्याकडे, आणि त्याला स्मार्टफोन म्हणायचं की नाही यावर दुमत होईल. २०१७ चा जिओफोन: २.४ इंच स्क्रीन, बटणं, १,५०० रुपये परत मिळणारी अनामत, आणि सिम जिओचंच. तो कोट्यवधी हातांत गेला. पण इथे लहान स्क्रीन कुणी निवडली नव्हती. ती किमतीबरोबर आली होती, आणि पैसे जुळताच त्यातले बरेच जण मोठ्या स्क्रीनकडे वळले.

जे कुणाचं न ऐकता जुना लहान फोन जपून बसले त्यांच्या बाबतीतही शेवटचा शब्द टॉवरचाच ठरतो आहे. आयफोन ५ आणि ५एस यांच्यात ४जीवरून बोलण्याची सोय नाही. बोलायला त्यांना २जी-३जी लागतं. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा ५एसवाल्यांना साध्या कॉलसाठीही वेगळं ॲप टाकावं लागलं, कारण जिओकडे जुनं नेटवर्कच नव्हतं. अमेरिकेत एटी अँड टीनं ३जी फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केलं, व्हेरायझननं त्या वर्षाच्या अखेरीस. तिथे या दोन्ही कंपन्यांवर धडधाकट आयफोन ५ वरून आज फोन लागत नाही. भारतात एअरटेलनं ३जी काढलं तरी २जी ठेवलं आहे, साध्या फोनांच्या ग्राहकांसाठी. त्यामुळे त्याच आयफोन ५ मध्ये एअरटेलचं सिम घातलं तर बोलणं होतं. इंटरनेट मात्र २जीच्या चालीनं.